रसशाळेचें उघडें दार

संस्कृतांत ‘रसायन’ या शब्दाचा अर्थ मोठा मंगल आहे. आयुर्वेदाचीं जीं आठ अंगें सांगितलीं आहेत, त्यांतील तें एक. ज्याच्या योगानें शरीरांतील धातु पुष्ट राहतात, वार्धक्य लांबतें आणि बुद्धि व बल टिकतें, तें रसायन. घरोघर ठाऊक असलेला च्यवनप्राश याच वर्गांतला. आमच्या खालापूर-खोपोलीकडे मात्र हा शब्द कानीं पडला कीं च्यवन ऋषि डोळ्यांपुढें येत नाहींत. येतो तो घाटाच्या पायथ्याशीं उभा असलेला टँकर, त्याच्या पाठीवरचें ज्वालेचें चित्र आणि नाकाला पदर लावून लगबगीनें पुढें जाणाऱ्या बायका. शब्द तोच, परंतु एके ठिकाणीं तो आयुष्य वाढवितो आणि दुसऱ्या ठिकाणीं आयुष्याची काळजी वाढवितो.

मीं जन्मभर मुलांना शब्दांचे अर्थ शिकविले. परंतु या एका शब्दाचा अर्थ लावतांना मीं स्वतः जी चूक केली, ती साठी उलटल्यावर, पुण्याच्या एका प्रयोगशाळेंत, लहान मुलांच्या गर्दींत उभा असतांना माझ्या पदरांत पडली. ती हकीकत आज वाचकांस सांगावयाची आहे.

माझी मुलगी शास्त्र विषय घेऊन बारावीची परीक्षा चांगल्या रीतीनें उत्तीर्ण झाली, त्यास आतां वीस वर्षें होऊन गेलीं. रसायनशास्त्र घेऊन पुण्यास पुढें शिकावें, अशी तिची इच्छा होती. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला. पुढें जें कांहीं मिळविलें तें संस्कृताच्या अध्ययनानें. शास्त्राशीं माझा परिचय शाळेच्या पुस्तकापलीकडे गेला नव्हता. अशा मनुष्यानें निदान जाणत्यास विचारावयास हवें होतें. तें न करतां मीं तिला ओटीवर बोलाविलें आणि म्हटलें, “हें शिकून जाणार कोठें? कारखान्यांत? आपल्या घरची मुलगी त्या धुरांत आणि वासांत रात्रपाळी करणार काय?” ती निकालाचा कागद हातांत घेऊन कांहीं वेळ उभी राहिली आणि आंत निघून गेली. पुढें तिनें कलाशाखेची पदवी घेतली, यथाकाल लग्न झालें, आणि आज ती कर्जतला भरल्या घरांत नांदत आहे. तिनें एका शब्दानेंही कुरकूर केली नाहीं. मौन म्हणजे संमति असें मानून मींही तो विषय मनावेगळा केला.

वस्तुतः ज्या कारखान्यांच्या नांवानें मी नाक मुरडीत होतों, त्यांच्याविषयीं मला माहिती ती काय होती? आमच्याच तालुक्यांत पाताळगंगेच्या कांठीं रसायनी हें गांव आहे. उद्योगावरून पडलेलें हें नांव पनवेल-रोहे मार्गावरील रेल्वेच्या स्थानकानेंही घेतलें आहे. १९६० सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना येथें उभा राहिला. रंग, औषधें, रबर अशा धंद्यांना लागणारे मूळ पदार्थ परदेशांतून आणावे लागत. ते आपल्याच देशांत व्हावेत, हा त्यामागील हेतु. २०१७ सालीं तेथील कारखाना बंद करण्याचा निर्णय झाला. परंतु मधल्या काळांत कितीतरी घरांतल्या चुली त्याच्या वेतनावर पेटल्या आणि मुलें शिकलीं. आणि नदी स्वच्छ ठेवावयाची म्हटली, तरी तिच्या पाण्यांत काय मिसळलें आहे हें ओळखणारें माणूस लागतें. तें माणूसही रसायनशास्त्रच शिकलेलें असतें. जी विद्या रोग ओळखते, तिलाच मी रोग समजत होतों.

या गोष्टीवर वीस वर्षांची धूळ बसली असतां माझी नात, म्हणजे या मुलीचीच मुलगी, एके दिवशीं धांवत आली. ती त्या वेळीं सातवींत होती. म्हणाली, “आजोबा, विज्ञान दिनाला पुण्याची मोठी प्रयोगशाळा सगळ्यांना बघायला मिळते. आमच्या बाई म्हणाल्या, घरच्या माणसांनाही घेऊन जा.” फेब्रुवारीची २८ तारीख हा आपला राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ सालीं याच दिवशीं चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं प्रकाशाच्या विकिरणासंबंधींचा आपला शोध जाहीर केला. त्याबद्दल १९३० चें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें, आणि १९८७ पासून हा दिवस देशभर साजरा होऊं लागला. त्या निमित्तानें पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सामान्य लोकांसाठीं आपलीं दारें उघडते. नातीचा हट्ट, सौ.ची हौस आणि चिरंजीवांना मिळालेली सवड असा योग जुळून आला. मुलाचा आठ वर्षांचा मुलगाही गाडींत चढून बसला. दशम्यांचा डबा आणि लिंबाचें लोणचें घेऊन आम्ही सहा माणसें सकाळींच घाट चढलों.

ही प्रयोगशाळा आपल्या स्वातंत्र्याबरोबरच जन्मली, असें म्हणण्यास हरकत नाहीं. ६ एप्रिल १९४७ रोजीं बाळासाहेब खेर यांच्या हस्तें तिची पायाभरणी झाली आणि ३ जानेवारी १९५० रोजीं पंडित नेहरूंनीं तिचें उद्घाटन केलें. तिचे पहिले संचालक मॅक्बेन नांवाचे गृहस्थ. साबणाच्या द्रावणांवरील संशोधनासाठीं ते जगभर ओळखले जात. १९५७ सालीं आलेले के. वेंकटरामन हे तिचे पहिले भारतीय संचालक. त्यापूर्वीं ते मुंबई विद्यापीठाच्या, १९३३ सालीं स्थापन झालेल्या, रासायनिक तंत्रज्ञानाच्या विभागाचे प्रमुख होते. माटुंग्याची ही संस्था आज स्वतः विद्यापीठाच्या दर्जाची झाली आहे. मुंबई आणि पुणें या दोहोंच्या मधोमध आमचें खालापूर. दोन्हीकडे एवढीं मोठीं विद्यापीठें आणि प्रयोगशाळा असतां माझी दृष्टि मात्र घाटाखालच्या टँकरपुढें गेली नव्हती.

आंत शिरतांच मला आठवला तो ‘रसरत्नसमुच्चय’ ग्रंथ. तेराव्या शतकाच्या आसपासच्या या ग्रंथांत रसशाळा कशी असावी याचें वर्णन आहे. जागा निर्भय असावी, जवळपास वनस्पति विपुल असाव्यात, विहीर असावी. अग्निकर्म आग्नेयेस, धुण्याचें काम पश्चिमेस, वाळविण्याचें काम वायव्येस करावें. जस्त काढण्याची कृतिही त्यांत दिली आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनीं १९०२ व १९०९ या सालीं आपल्या ग्रंथाचे दोन भाग प्रसिद्ध करून या प्राचीन विद्येची ओळख जगाला करून दिली. परंतु त्या जुन्या ग्रंथांत एक दंडकही आहे, कीं ही विद्या गुप्त राखावी, अनधिकाऱ्यास सांगूं नये. माझ्या मतें आपल्याकडील रसविद्या खुंटली, त्यास हा दंडक पुष्कळ अंशीं कारण झाला असावा. येथें पाहतों तों दाराशीं कोणी अधिकार विचारीत नव्हतें. कडेवर मूल घेतलेली आई, शाळेच्या गणवेषांतील मुलांची रांग, काठी टेकीत चाललेले माझ्यासारखे वृद्ध, सर्वांना सारखाच मान होता.

पांढरे डगले घातलेले तरुण विद्यार्थी मेजामेजापाशीं उभे राहून प्रयोग दाखवीत होते. एके ठिकाणीं काळें पडलेलें तांब्याचें भांडें होतें. त्यावर चिंचेचा कोळ चोळतांच तें लखलखलें. माझ्या संध्येचें ताम्हन सौ. चाळीस वर्षें असेंच घांसत आली आहे. परंतु असें कां होतें, हा प्रश्न आम्हां दोघांनाही कधीं पडला नव्हता. हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊन तांब्यावर काळा थर चढतो. चिंचेंतील आम्ल तो थर विरघळवितें आणि खालचें शुद्ध तांबें दिसूं लागतें. तेंच आंबट पदार्थांत तांबें उतरण्याचें भय असतें, म्हणून स्वयंपाकाच्या भांड्यांना आंतून कल्हई करावी लागते. कल्हईवाला तापल्या भांड्यांत नवसागर टाकी आणि पांढऱ्या धुराचा लोट उठे, तें दृश्य माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढें अजून आहे. उष्णतेनें नवसागराचे दोन घटक वेगळे होतात, त्यांतील आम्ल धातूवरील मळ काढतें, आणि मग कथील नीट धरतें. तो कल्हईवाला रसायनशास्त्र जाणत नसेल, पण तें आचरीत होता खास.

दुसऱ्या मेजावर साबण होता. साबणाच्या कणाचें एक टोंक पाण्याकडे ओढ घेतें आणि दुसरें तेलाकडे. असे पुष्कळ कण एकत्र जमून, तेलकट टोंकें आंत व पाण्याचीं टोंकें बाहेर करून, लहान गोळे बनवितात. मळ त्या गोळ्यांच्या पोटांत सांपडतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. ही कल्पना १९१३ च्या सुमारास मांडणारे मॅक्बेन हेच येथले पहिले संचालक. रिठ्याचा फेंसही याच जातीचा, हें ऐकून सौ.ला आपल्या रिठे-शिकेकाईचा अभिमान वाटला. पुढें एका मुलीनें काळ्या शाईचा ठिपका टिपकागदावर देऊन कागदाचें टोंक पाण्यांत बुडविलें. पाणी वर चढूं लागलें, तसतसे त्या काळ्यांतून निळा, तांबडा, पिवळा असे रंग सुटे झाले. माझा नातू ओरडला, “काळा रंग खोटाच होता!” शेजारच्या दालनांत द्रवरूप नत्रवायु होता. आपण श्वासाबरोबर घेतों त्या हवेचे शेंकडा ७८ भाग नत्रवायूचे. त्याला शून्याखालीं १९६ अंशांपर्यंत थंड केलें कीं तो पाण्यासारखा होतो. त्यांत बुडविलेलें झेंडूचें फूल बाहेर काढून टेबलावर आपटतांच कांचेसारखें फुटलें. नातवानें माझें धोतर घट्ट धरलें, पण डोळे मिटले नाहींत.

शेवटच्या मेजापाशीं गर्दी बेताची होती. तेथें पेल्यांत हळदीचें पाणी होतें. विद्यार्थ्यानें त्यांत चुन्याची निवळी ओतली. पाहतां पाहतां पिवळें पाणी तांबडें झालें. “अहो, हें तर कुंकू!” सौ.च्या तोंडून निघून गेलें. तो मुलगा हंसून म्हणाला, “बरोबर, आजी. हळदींत कर्क्युमिन नांवाचें द्रव्य आहे. क्षार लागला कीं तें तांबडें होतें. आतां याला पुन्हा पिवळें कोण करील?” मुलें एकमेकांकडे पाहूं लागलीं. इतक्यांत मागून आवाज आला, “लिंबाचा रस, थेंब थेंब.”

आवाज माझ्या मुलीचा होता. मुलानें तिच्या हातीं रसाची नळी दिली. ती एकेक थेंब सोडी, पेला हलवी आणि थांबे. पहिल्या थेंबांना कांहींच झालें नाहीं. नात म्हणाली, “आई, होत नाहीं ग.” ती म्हणाली, “चुना संपायचा आहे अजून. शेवटच्या थेंबाला एकदम पालटेल.” बाराव्या थेंबाला पाणी पिवळें झालें. मग विद्यार्थ्यानें दुसऱ्या पेल्यांत चुन्याची निवळी दुप्पट घातली आणि विचारलें, “आतां किती लागतील?” ती क्षणभरही न थांबतां म्हणाली, “चोवीस, एखादा इकडे तिकडे.” पंचविसाव्या थेंबाला रंग पालटला, आणि मुलांनीं टाळ्या वाजविल्या. “ताई, आपण रसायनशास्त्र शिकवतां काय?” त्या मुलानें आदरानें विचारलें. “नाहीं. बारावीपर्यंतच शिकलें,” असें म्हणून तिनें नळी जपून मेजावर ठेवली.

तिनें माझ्याकडे पाहिलें नाहीं. सौ.नें पाहिलें. वीस वर्षें त्या हातांनीं पोळ्या लाटल्या, मुलांचीं दप्तरें भरलीं, सासऱ्यांचीं औषधें मोजून दिलीं. परंतु थेंब मोजण्याची ती लय ते विसरले नव्हते. विद्या गेली असती तर माझें मन कदाचित् इतकें चरकलें नसतें. ती इतके दिवस वाट पाहत तेथेंच बसलेली होती, याचें मला वाईट वाटलें.

परततांना गाडींत नातीनें विचारलें, “आई, ज्यांचा हा दिवस, ते रामन फार मोठे होते ना?” मुलगी म्हणाली, “फार मोठे. पण त्यांनींही एकदां चूक केली होती.” मग तिनें कमलाबाई सोहोनींची गोष्ट सांगितली. त्या माहेरच्या भागवत. वडील आणि चुलते दोघेही रसायनशास्त्रज्ञ. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ सालीं त्यांनीं बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत प्रवेश मागितला. रामन तेथें संचालक होते. केवळ मुलगी म्हणून त्यांनीं तो नाकारला. कमलाबाईंनीं माघार घेतली नाहीं. शेवटीं अटी घालून, वर्षभर काम पाहूं म्हणून, त्यांना घेण्यांत आलें. त्यांचें काम पाहून रामन यांचें मत पालटलें आणि तेथें मुलींना प्रवेश मिळूं लागला. पुढें १९३९ सालीं केंब्रिजची पीएच. डी. त्यांनीं मिळविली. विज्ञानांत ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्यांचें नांव घेतलें जातें. मुंबईच्या विज्ञानसंस्थेच्या त्या संचालिकाही झाल्या.

नातीनें सर्व ऐकून घेतलें आणि सहज म्हणाली, “म्हणजे त्यांना घरून तरी कोणी नाहीं म्हटलें नसेल!”

गाडींत कोणी बोललें नाहीं. खंडाळ्याचा बोगदा आला आणि गेला. शेवटीं मींच म्हटलें, “तुला मीं नाहीं म्हटलें होतें. तें माझें चुकलें.” संस्कृत काव्यांतील क्षमायाचनेचे कितीतरी प्रसंग मीं वर्गांत शिकविले असतील, त्यांतला एकही या वेळीं कामास आला नाहीं. मुलगी बाहेर पाहत होती. थोड्या वेळानें ती म्हणाली, “बाबा, तुम्ही नाहीं म्हटलेंत याचें वाईट वाटलें होतें. पण त्याहून वाईट वाटलें तें, मला त्यांत काय आवडतें हें तुम्हीं विचारलेंच नाहीं याचें.” मग तिनें डब्यांतली उरलेली दशमी काढून अर्धी मला दिली. क्षमा झाली, असें मी म्हणणार नाहीं. आमच्यांत एक दार उघडलें, एवढें मात्र खरें.

आतां विचारण्यास उशीर झाला होता. तरी पुढच्या रविवारीं मीं विचारलें. ती दोन तास बोलली. त्यांतलें निम्में मला समजलें नाहीं, पण तिचा चेहरा मला समजला. त्यानंतर महिन्यांतून दोन रविवार ती कर्जतहून येते आणि आमच्या ओटीवर आळींतलीं दहाबारा मुलें जमतात. चुन्याची निवळी, हळद, जास्वंदीच्या पाकळ्यांचा रस, टिपकागद आणि जुन्या बाटल्या, एवढें सामान. नवऱ्याला आणि सासूबाईंना या उद्योगाचें कौतुक आहे, हें ऐकून मला बरें वाटलें; मीं न दिलेलें तिला दुसऱ्या घरीं मिळालें. मी कोपऱ्यांत बसून बाटल्यांवर चिकटविण्यासाठीं नांवें लिहितों. ज्या ओटीवर मीं तिला ‘कोठें जाणार’ म्हणून विचारलें, तीच ही ओटी.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें १८२५ पासून नाताळच्या सुटींत लहानथोरांसाठीं शास्त्राचीं व्याख्यानें होत आलीं आहेत. एका साध्या मेणबत्तीवर तेथें व्याख्यानमाला देणारा फॅरडे हा मूळचा पुस्तकें बांधणाऱ्याकडचा उमेदवार. शाळा त्याला फारशी लाभली नव्हती. आपल्याकडेही पुण्याच्या ‘सृष्टिज्ञान’ मासिकानें १९२८ पासून आणि मराठी विज्ञान परिषदेनें १९६६ पासून शास्त्र मराठींत घरोघर नेण्याचा उद्योग केला. तेव्हां आम्हांला संधि नव्हती, असें आम्हां वडील माणसांना म्हणतां यावयाचें नाहीं.

वाचकांस माझी विनंती एवढीच आहे. फेब्रुवारी महिना आला कीं आपल्या जवळच्या विद्यापीठानें किंवा प्रयोगशाळेनें दार उघडलें आहे काय, याची चौकशी करावी, आणि केवळ मुलांना न पाठवितां घरांतल्या सर्वांनीं जावें. लेकीसुनांना आवर्जून न्यावें, आणि त्या एखाद्या मेजापाशीं जरा जास्त वेळ थांबल्या, तर घाई करूं नये. त्यांच्या मागें उभें राहून पाहावें, आणि घरीं आल्यावर विचारावें, कीं तेथें काय आवडलें.

गेल्या रविवारीं निघतांना नात मला म्हणाली, “आजोबा, पुढच्या वेळीं थेंब तुम्ही मोजा.” मीं होकार दिला आहे. हात थोडा कांपतो. पण मुलगी शेजारीं असेल.